मुकीची तहान

सरोज मोटार चालवायला शिकली ती जात्याच्या खुंट्यावर.

मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. अण्णा ओकांनी मागच्या पडवीत एक पाट मांडला, पाटासमोर जमिनीत एक दांडा रोवला आणि बायकोला म्हणाले, "बस. हा दांडा म्हणजे गाडी. जात्याचा खुंटा धरतेस तसा धर. आवळू नकोस नि सोडूही नकोस."

सरोजने पदर खोचला, पाटावर बसली, दांडा धरला.

"आणि पीठ कुठून पडणार?"

"चेष्टा नको. पुढे लोटलास की चालणार, मागे ओढलास की थांबणार. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच. तुला जमलं की सगळ्या कल्याण-डोंबिवलीला जमेल."

हे कौतुक होतं की टोमणा, हे सरोजने विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की काही प्रश्न माणूस तसेच फडताळात ठेवून देतो.

साल त्रेपन्न होतं. डोंबिवली तेव्हा भाताच्या खाचरांत पाय सोडून बसलेलं गाव होतं. दहा घरं कौलारू, पाच झावळ्यांची, मध्येच एखादं नवं सिमेंटचं. अण्णांचं खरं नाव दामोदर, पण त्या नावाने हाक मारणारी सगळ्या जगात एकच व्यक्ती उरली होती, त्यांची आई. तिला सगळे माई म्हणत. अण्णा ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये बॅटऱ्यांच्या खोलीत नोकरीला होते. दिवसभर ॲसिडच्या वासात राहायचे, संध्याकाळी शेताच्या बांधावरून चालत घरी यायचे, आणि चालता चालता त्यांच्या डोक्यात एक गाडी धावायची.

ती गाडी गरीब होती. पेट्रोलच्या गाडीला आधी पैसेवाला मालक लागतो, मग ड्रायव्हर लागतो, मग पुढे उभं राहून हँडल मारणारा गडी लागतो, आणि ते हँडल उलटं फिरलं तर मनगट बसवणारा हाडवैद्य लागतो. अण्णांच्या गाडीला यातलं काही नको होतं. शाळामास्तराने, पोस्टातल्या कारकुनाने, एखाद्या बाईमाणसाने यावं, बसावं, दांडा लोटावा आणि जावं. रात्री घरी आणून विजेला जोडावी, गाय गोठ्यात बांधावी तशी.

कल्याण कॅम्पात लढाईच्या वेळचं सामान भंगाराच्या भावाने निघालं, त्यात अण्णांना मालाची हातगाडी ओढणारी विजेची मोटर मिळाली. बॅटऱ्या लिलावातल्या, जुन्या, पण अण्णांनी त्यांना जीव लावून उभं केलं. चाकं फटफटीची. आणि सांगाडा बांधला आयऱ्याच्या महिपतने. महिपत बैलगाड्या करायचा. त्याने सागाच्या पट्ट्या वाकवल्या, वेताची बैठक विणली, वर उन्हापुरतं छप्पर घातलं, आणि सगळं झाल्यावर भोवती एक फेरी मारून म्हणाला, "सगला बरा हाय, अण्णा. पन बैल कुठं जुपाचा?"

"बैल आत आहे."

"आत? मग त्याला पेंडा कुठून घालाचा?"

अण्णांनी आसनाखालची फळी उचलून बॅटऱ्या दाखवल्या. महिपतने वाकून पाहिलं, नाक मुरडलं. "लय घाण वास मारतो तुमचा बैल."

गाडी पहिल्यांदा अंगणातून निघाली तेव्हा माई तुळशीपाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्या. गाडी त्यांच्या मागून गेली, वळली, पुढून आली, आणि तेव्हा कुठे त्या दचकल्या. ना घरघर, ना फटफट. रबराखाली खडी कुरकुरली तेवढीच.

"अगं बाई, मुकी आहे की ही!" माई म्हणाल्या, आणि गाडीचं बारसं झालं.

तेव्हापासून ती मुकी. अण्णांनी वहीत इंग्रजी नाव लिहून ठेवलं होतं, ते वहीतच राहिलं. माई सकाळी तिच्यावरची धूळ पुसायच्या, मांजर आत बसलं तर हुसकायच्या, आणि दळताना जात्यावर तिच्या ओव्या रचायच्या. माईंना ओवी यायची, दुसऱ्याला शिंक येते तशी.

*मुकी माझी गाडी बाई, नाही घुंगुरमाळ हिला*
*वाटेवरच्या वासरा, तूच सांभाळ रे तुला*

मुकीला घर सापडलं होतं, पण अजून ती तिथे पोचायची होती. कल्याणात पारनाक्याजवळ डॉक्टर उत्तराबाई कर्णिक राहायच्या. बाळंतपणं करायच्या. कधी शहाडला, कधी नदीपलीकडच्या वाडीत, टांगा मिळेल तेव्हा टांग्याने, नाहीतर पायी. एका मित्राची जुनी पेट्रोलची गाडी त्यांना मिळत होती, पण ती घ्यायची म्हणजे ड्रायव्हर ठेवणं आलं, आणि ड्रायव्हर जेवायला गेला म्हणून बाळ थांबत नाही. त्या एकदा डोंबिवलीला आल्या, मुकीभोवती फिरल्या, सरोजकडे पाहून म्हणाल्या, "ही कोण चालवतं?"

"ही," अण्णा म्हणाले.

"याआधी काही चालवलंय?"

"शिवणाचं मशीन," सरोज म्हणाली.

उत्तराबाई हसल्या. "मग दसऱ्याला सीमोल्लंघन करा. तुम्ही स्वतः चालवत माझ्या दारात आणा. शेजारी एक माणूस बसलेलं हवं, माझ्याबरोबर नर्स असते. कुणी ढकलायचं नाही, बैल लावायचा नाही. आली तर मी घेतली, आणि ठाण्यातल्या माझ्या चार मैत्रिणींना सांगितलं. नाही आली, तर दसऱ्यानंतर मी ती दुसरी घेते. मला आता थांबता येत नाही हो, अण्णा."

म्हणजे सगळं त्या एका दुपारवर आलं. मुकी पारनाक्याला पोचली तर तिच्यामागून आणखी मुक्या जन्माला येणार होत्या. नाही पोचली तर ती अंगणातलं खेळणं होणार होती, मांजराला बसायला.

अण्णा रोज संध्याकाळी मुकीला पाणी पाजत. बॅटरीवाल्यांचा शब्दच तो. बुचं उघडायची, काचेच्या बरणीतलं पाणी नळीने थेंब थेंब सोडायचं, बुचं लावायची. माईंना हे फार आवडायचं.

"कसलं रे पाणी हे, दामू?"

"शुद्ध पाणी, माई. हिला दुसरं चालत नाही. नळाचं तर मुळीच नाही."

"शुद्ध म्हणजे?"

अण्णांचं लक्ष नळीच्या टोकाशी होतं. "म्हणजे ज्याला कशाचा स्पर्श झालेला नाही असं."

"सोवळ्यातलं?"

"हो, हो. सोवळ्यातलंच म्हण."

म्हण म्हटलं, आणि माईंनी ते म्हणून ठेवलं.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा. महिपतने आपली करवत-वाकस मांडली, अण्णांनी पकडी-पाने मांडले, सरोजने शिवणाच्या मशीनला हळदकुंकू लावलं. मुकीला झेंडूची माळ घातली. संध्याकाळी अण्णा महिपतकडे छपराचा खिळा बघायला गेले, सरोज शेजारी तीळ मागायला गेली, आणि माई घरात एकट्या राहिल्या. मुकी उद्या गावाची सीमा ओलांडणार. लेकाला आज पाणी पाजायला सवड झालेली नाही. अशा वेळी आईने काय करावं?

माईंनी विहिरीवर अंघोळ केली. ओलेत्याने तांब्याची कळशी भरली, कुणाची सावली पडू न देता आणली. सोवळ्यातलं सुती लुगडं नेसल्या. फळी उचलली, बुचं उघडली, आणि एकेका कप्प्यात तांब्याने पाणी ओतलं. थेंब थेंब नाही. उद्याचा पल्ला लांबचा होता. काठोकाठ, ओसंडेपर्यंत, पाहुण्याला ताक वाढावं तसं पाजलं. बाहेर आलेलं पदराने टिपलं. बुचं लावली, फळी ठेवली, नमस्कार केला. लेकाला सांगितलंही नाही. देवाला पाणी घातलं म्हणून कुणी सांगत सुटतं का?

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी फळी उचलली ती हातातच राहिली.

बॅटऱ्यांची डोकी ओली, पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या, खालच्या लाकडाला काळे डाग. त्यांनी ॲसिड मोजायची काचेची नळी आणली. तिच्यातली तरंगती काडी वर यायला हवी ती खाली बसली. दुसऱ्या कप्प्यात तेच, तिसऱ्यात तेच.

सरोज चहा घेऊन आली तेव्हा ते जमिनीवर बसले होते, पाय पसरून.

"काय झालं?"

"गेल्या."

"काय गेलं?"

"बॅटऱ्या. आतून सडून उतू गेल्यात बहुतेक. जुना माल होता, मला कळायला हवं होतं." त्यांनी चहा घेतला नाही. "माझंच गणित चुकलं, सरोज. एवढ्या जुन्या बॅटरीवर गाडी उभी राहत नाही. महिपतला सांगतो, वेत सोडवून घे. उत्तराबाईंना निरोप धाड."

इतकी वर्षं तिने या माणसाला दमलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं, एकदा तापात बरळताना पाहिलं होतं. असं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. चहा तिथेच ठेवून ती मागच्या दारी गेली.

तिथे दोरीवर माईंचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं आणि माई त्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बघ ग हे. उंदीर म्हणावा, तर उंदीर इतकी गोल भोकं पाडतो का?"

लुगड्याच्या पदराची चाळणी झाली होती. लहान लहान भोकं, कडा पिवळट. अण्णांच्या कामावरच्या प्रत्येक सदऱ्याला तशीच भोकं असत. सरोजच ती रफू करायची. तिने कापड हातात घेतलं, सोडलं. मग तिने विहिरीकडे पाहिलं, पालथ्या घातलेल्या कळशीकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

समजलं आणि त्याच क्षणी पेच पडला. न सांगावं, तर तो माणूस आपलंच गणित चुकलं म्हणून मुकीला मोडायला निघालेला. सांगावं, तर ही म्हातारी आज सणाच्या दिवशी कुठे तोंड लपवेल? मुकीवर त्यांनी नातवंडासारखी माया केली होती, आणि ओकांच्या घरात नातवंड नव्हतं.

"उंदीरच असेल, माई," ती म्हणाली, आणि आत गेली.

माई मागोमाग देवघरात जाऊन गंध उगाळायला बसल्या. सहाणेचा आवाज पडवीपर्यंत यायचा.

"अहो, ऐका," सरोज अण्णांना म्हणाली. "पाणी मी घातलं. काल संध्याकाळी. विहिरीचं."

अण्णांनी मान वर केली. "काय?"

"तुम्ही शुद्ध म्हणालात ना. मला वाटलं, विहिरीचं शुद्ध असतं."

"तू घातलंस? तू? तुला तर मी शंभरदा…" ते उठले. बॅटरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "किती घातलंस?"

"काठोकाठ."

अण्णा हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांबाला धरून. "अगं, म्हणजे या मेलेल्या नाहीत! नुसत्या पातळ झाल्यात! पाहुणा आला म्हणून आमटीत पाणी घालतात तशा! मला वाटलं माझं… अगं वेडाबाई!"

आतून येणारा सहाणेचा आवाज मध्येच थांबला होता. सरोजच्या ते ध्यानात आलं. अण्णांच्या नाही.

पुढच्या कामाला श्वास घ्यायची फुरसत नव्हती. रबरी फुग्याने कप्प्यांतलं पाणी उपसायचं, बरणीतलं ताजं ॲसिड जपून सोडायचं, पट्ट्या खरवडायच्या, विजेला जोडायचं. महिपत सोनं द्यायला आला तो आपट्याची पानं कानावर खोचून कामाला लागला. दुपारपर्यंत काडी वर आली, पण पुरती नाही.

"निम्मं पोट भरलंय," अण्णा म्हणाले. "विहिरीचं मचूळ पाणी, थोडं आत राहिलंच. सपाटीवर जाईल. पत्रीपुलाच्या चढाचं सांगता येत नाही. शेजारी हलकं माणूस हवं."

"मी बसतो," महिपत म्हणाला.

"तू बसलास तर ती अंगणातच बसेल."

"मी येते," माई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. पायली दाण्यांएवढं वजन असेल नसेल. "माझ्याहून हलकं या घरात मांजर आहे, ते यायचं नाही."

मुकी निघाली. सरोजने खुंटा 'हळू'वर लोटला, मग 'चाल'वर. 'पळ' नावाची तिसरी खूण होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. अण्णा सायकलवर मागे. भाताची कणसं पिवळी होऊन बांधावर मान टाकून होती, आणि त्यांच्यामधून दोन बायका बिनआवाजी चालल्या होत्या. सोनं लुटायला निघालेली माणसं वाटेवर गप्पा मारत उभी. त्यांना मागून काही येतंय हे कळेना. हॉर्न होता, पण अण्णांनी बजावलं होतं, तोही त्याच बॅटरीवर जगतो. मग माईंनी गळा मोकळा केला.

*दळण सरलं बाई, खुंटा हातीचा सुटेना*
*सून हाकी गाडी, माझं बोलणं फुटेना*

माणसं वळून पाहत, बाजूला होत. एक जण हात जोडून म्हणाला, "आजी, लग्नाला निघालात?"

"सीमोल्लंघनाला!" माई ओरडल्या. "हो बाजूला, बोलण्यात वीज जातेय!"

ठाकुर्ली मागे पडली. मग पत्रीपूल आला आणि चढावर मुकीची चाल मंदावली. सरोजला तळहातात कळलं, दाणा अडकला की जातं जड होतं तसं. तिने 'हळू' केलं. मुकी आणखी मंद झाली. उभीच राहणार, तोच माई म्हणाल्या, "थांबव. उतरते मी."

"माई, तुमचे गुडघे…"

"गुडघे माझे आहेत. पाणीही माझंच होतं."

सरोजने खुंटा मागे ओढला. ब्रेकवर पाय ठेवून ती तशीच बसली.

"लुगडं माझं, भोकं माझी, आणि बोलणी तू खाणार? कुणी सांगितलं होतं तुला?"

"बोलणी दिलीच नाहीत हो त्यांनी."

"ते ऐकलं मी! म्हणून तर जास्त राग आला. ओरडला असता तर मी बाहेर येऊन म्हटलं असतं, अरे तिला नको, मला बोल. हसत सुटला! आता म्हातारीने काय म्हणायचं?" त्या छपराला धरून खाली उतरल्या. "सोवळ्यातलं म्हण म्हणाला ग तो. मी मनापासून केलं."

"ठाऊक आहे, माई."

"ठाऊक आहे तर चल पुढे. मी येते मागून."

अण्णा सायकल टाकून धावत आले. "काय झालं? ढकलू का?"

"हात लावू नकोस!" माई कडाडल्या. "डॉक्टरीण विचारेल, आपल्या पायाने आली का? तर सणाचं खोटं बोलू?"

मुकी एकटी सरोजला घेऊन निघाली. हळू, पण थांबली नाही. माई मागून चढल्या, एक हात गुडघ्यावर, एक हात लेकाच्या खांद्यावर, दर चार पावलांनी थांबून, "चढतेय का रे? चढतेय ना?" असं विचारत. वर पोचल्यावर त्या आत बसल्या आणि उतारावर मुकी अशी सुटली की सरोजला आपोआप हसू आलं.

पारनाक्याला दिवेलागण होत होती. उत्तराबाई दारातच उभ्या होत्या. मुकी त्यांच्या पायरीशी येऊन थांबली, तेव्हा दिव्यावर घोंगावणाऱ्या पाखरांचा आवाज तिच्याहून मोठा होता.

"आली!" उत्तराबाई म्हणाल्या. मग अण्णांचा घाम, माईंचे धुळीचे पाय, सरोजच्या हाताला पडलेला वळ, हे सगळं त्यांनी डॉक्टरच्या नजरेने पाहिलं. "वाटेत काही झालं?"

अण्णांनी तोंड उघडलं. माई आधी बोलल्या.

"झालं. हिच्या पोटात मी काल विहिरीचं पाणी घातलं. कळशीभर. सोवळ्यात. पुलावर मी उतरून चालत चढले, ती आपली आपण चढली. ढकलली नाही कुणी. आता घ्यायची तर घ्या."

अण्णांनी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. सरोज आपट्याच्या पानाचं देठ खुडत होती.

"अगं," ते तिला म्हणाले, "मग सकाळी तू…"

"काही नाही. नंतर बोलू."

उत्तराबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या. "माई, मी बाळंतपणाला जाते ना, तेव्हा घरच्या म्हाताऱ्या बाईने आधी काय काय पाजून ठेवलंय हेच पहिलं विचारते. पोटात विहिरीचं पाणी घेऊन जी पूल चढून आली, तिची तब्येत मी काय तपासू? पाण्याची काळजी सोडा. इंजेक्शनला लागतं म्हणून माझ्याकडे वाफेचं पाणी रोज निघतं. पण अण्णा, त्या झाकणावर नीट मराठीत लिहा हं, काय घालायचं ते. शुद्ध असं लिहू नका."

"नाही लिहीत," अण्णा म्हणाले.

"आणि चार मैत्रिणी म्हटलं होतं. पाचवी पनवेलची आहे, तिलाही सांगते. सरोजबाई, उतरा. मला बसू द्या. माई, तुम्ही बसा तशाच."

"मी नाहीच उतरत. पाय राहिलेत कुठे?"

उत्तराबाईंनी खुंटा धरला. "पुढे म्हणजे चाल, मागे म्हणजे थांब?"

"एवढंच," सरोज म्हणाली.

मुकी निघाली. अण्णांनी आवळून धरू नका असं सांगायला हात उचलला, पण त्या पुढे गेल्या होत्या. इतके दिवस मुकीला फक्त त्यांनी शिकवलेले हात लागले होते. हे हात त्यांनी शिकवलेले नव्हते. रस्त्यात एक बैल आडवा उभा होता. मुकी त्याच्याजवळ जाऊन अलगद थांबली, माईंनी त्याला काहीतरी सुनावलं, तो हलला, मुकी पुन्हा चालू लागली.

अण्णांचा हात अजून वरच होता. सरोजने तो धरून खाली घेतला आणि त्यात आपट्याचं पान ठेवलं.

"थांबवता येतंय त्यांना," अण्णा म्हणाले.

"येतंय."

"कुणी न सांगता."

कोपऱ्यावर मुकी वळली. वळल्यावर ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, तरी दोघं त्या बाजूला कान देऊन पायरीवर बसून राहिले.